पाचाचे दहा करण्याआधी

वाचकाचं पत्र :

ताई, मी हर्णैजवळ राहते. वय ४४. आमचं दोन खोल्यांचं होमस्टे आणि घरगुती जेवण आहे, स्वयंपाक सगळा माझ्या हातचा. सहा वर्षांपासून शुगर आहे. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी आणि दोन वेळा मेटफॉर्मिन घेते. वजन ८८ किलो होतं. जानेवारीत चिपळूणच्या डॉक्टरांनी टिरझेपटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं. चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, नंतर ५. पाचाची आता सहा इंजेक्शनं झाली. ८४ वर आले, पण गेले दोन आठवडे काटा हललेला नाही. डॉक्टर म्हणतात, ‘थांबा, घाई नको.’

डोंबिवलीच्या वहिनीने माझ्याबरोबरच सुरू केलं. तिला शुगर नाही. ती दहावर पोचली आणि नऊ किलो उतरली. ती म्हणते, ‘पाचाची दोन एकदम घे, दहाच झाले की.’ तिच्याकडे पाचाच्या इंजेक्शनचं एक पेन अर्धं उरलंय, ते रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवते म्हणाली. मे महिन्याच्या मध्याला पुतणीचं लग्न आहे, तोवर आणखी सहा किलो तरी जायला हवेत. पाच सुरू केलं तेव्हा दहा-बारा दिवस फार मळमळलं, बांगडा तव्यावर टाकला की वासाने बाहेर पळायचे. आता ते थांबलंय. (दुपारी पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, पण तो उकाड्यामुळे असेल.) डॉक्टरांना परत विचारायला संकोच वाटतो. मी आपलीआपण डोस वाढवला तर चालेल का?

– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर :

ताई, चालणार नाही. पाचाची दोन एकत्र टोचून घेणं तर मुळीच नको. त्याची कारणं सविस्तर सांगते, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या कंसातल्या वाक्याकडे वळते, कारण माझ्या मते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

थरथर, घाम, आणि तेही जेवणाची वेळ टळून गेल्यावर. किनाऱ्यावर मार्च-एप्रिलमध्ये घाम सगळ्यांनाच येतो, हे खरं. पण नुसत्या उकाड्याने सहसा हात थरथरत नाहीत. तुम्ही घेता ती ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि तेव्हा रक्तात साखर किती आहे याची ती फिकीर करत नाही. तुम्ही जेवलात तरी ती काम करते, उपाशी राहिलात तरी करते. टिरझेपटाइडचं तसं नाही. ते इन्सुलिन वाढवतं ते मुख्यतः साखर चढलेली असताना, म्हणून एकटं असलं तर साखर धोकादायक उतरवण्याची शक्यता कमी. पण दोन्ही एकत्र आली आणि भूक मेली की गणित बिघडतं. आधी तुम्ही सकाळी गोळी घेऊन पोहे खात असाल, मध्ये काही तोंडात टाकत असाल, मग भात-आमटी-मासळी. आता दोन घासांत पोट भरतं. गोळी मात्र तेवढीच राहिली. त्यात पाहुणे उठेपर्यंत घरच्या बाईने पानावर बसायचं नाही हा आपल्याकडचा रिवाज. सकाळी आठची गोळी आणि दुपारी तीनचं जेवण, मध्ये चूल, वाफ आणि धावपळ. साखर खाली जायला आणखी काय हवं?

मी तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे नक्की तेच आहे असं म्हणणार नाही. ते ठरवायला ग्लुकोमीटर आहे. पुढच्या वेळी थरथर सुरू झाली की लगेच बोट टोचून बघा. ७० च्या खाली आकडा आला तर तीन-चार चहाचे चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, अजून खाली असेल तर पुन्हा तेच करा. सावरलात की लगेच थोडा भात किंवा पेज खा. पेढा, लाडू, चॉकलेट यांवर त्या वेळी भिस्त ठेवू नका. त्यांतल्या तुपा-तेलाने साखर रक्तात उशिरा पोचते, आणि या इंजेक्शनने पोट आधीच संथ झालेलं असतं. यंत्र हाताशी नसेल तर मोजत बसू नका, साखरपाणी आधी घ्या. स्वयंपाकघरात तुमच्या हाताखाली ज्या बायका आहेत त्यांना आजच सांगून ठेवा, की ताई गप्प झाल्या, असंबद्ध बोलायला लागल्या, घामाने निथळल्या तर साखरपाणी द्यायचं. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन लावायचा.

चिपळूणच्या डॉक्टरांना फोन करायचा तो यासाठी. उद्याची ग्लिमेपिराइड घेण्याआधी करा. इंजेक्शन सुरू केल्यावर ही गोळी कमी करणं किंवा थांबवणं हे डॉक्टरांच्या रोजच्या कामातलं आहे, पण तुम्हाला थरथर होते हे त्यांना कळल्याशिवाय ते कसं करणार? संकष्टी-एकादशीचे उपास धरत असाल तर तेही त्याच फोनवर विचारून घ्या. उपासाच्या दिवशी ही गोळी कशी घ्यायची याचं उत्तर तुमच्याकडे लेखी असायला हवं.

आता डोसचं. हे औषध पायरीपायरीने का चढवतात हे नीट कळलं की वहिनींच्या सल्ल्यातली गोम तुमची तुम्हालाच दिसेल.

टिरझेपटाइड आपल्या आतड्यांतून जेवणानंतर सुटणाऱ्या दोन संप्रेरकांची नक्कल करतं. मेंदूला पोट भरल्याची जाणीव लवकर होते आणि जठर अन्न पुढे ढकलायला वेळ लावतं. पोटाला या नव्या चालीची सवय व्हायला वेळ लागतो. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ हे सगळं जास्त करून डोस वाढवल्यानंतरच्या दिवसांत होतं, तो तुमचा बांगड्याचा अनुभव त्यातलाच. म्हणून सुरुवातीचा २.५ हा डोस वजन उतरवायला दिलेलाच नसतो, तो फक्त सवयीसाठी. मग ५. त्यापुढे वाढवायचं झालं तर एका वेळी २.५ नेच, आणि प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे काढून. म्हणजे पाचानंतरची पायरी साडेसातची. दहा त्याच्याही पुढची, आणि पंधरा ही शेवटची.

हे चार आठवडे कुठून आले? अंगातलं औषध निम्मं व्हायला साधारण पाच दिवस लागतात. तुम्ही सातव्या दिवशी पुढचं इंजेक्शन घेता तेव्हा आधीच्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग अंगात शिल्लक असतो. त्यावर नवं पडतं, पुढच्या आठवड्याला त्यावर आणखी. असं साचत साचत चार आठवड्यांच्या सुमारास पातळी स्थिरावते. तुमची पाचाची सहा इंजेक्शनं झाली असली, तरी पाचाचा पुरा जोर तुमच्या अंगाने जेमतेम दोन आठवडे पाहिलाय. एवढ्यात ‘पाचाने काही होत नाही’ असा निकाल देणं पाचावर अन्याय आहे.

आणि दोन एकदम घेतली तर? साडेसातची पायरी गाळून तुम्ही एका दिवसात डोस दुप्पट करता. गोळी असती तर दुसऱ्या दिवशी बंद करता आली असती. हे एकदा टोचलं की परत काढता येत नाही, त्यावर उतारा नाही, आणि उलट्या सुरू झाल्या तर त्या ओसरेपर्यंत दिवसच्या दिवस सोसाव्या लागतात. या हवेत तसं झालं तर अंगातलं पाणी झपाट्याने जातं, आणि शुगर असलेल्या माणसाची मूत्रपिंडं त्यात पहिल्यांदा मार खातात.

वहिनींच्या पेनबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय, कारण आपल्या भागात मुंबईहून काय काय येत नाही! चाकरमान्यांनी दिलेली औषधं, टॉनिकं, चष्मेसुद्धा ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती येतात, आणि त्यामागे माया असते हे मला ठाऊक आहे. हे पेन मात्र घेऊ नका. एका पेनमध्ये महिन्याचे चार डोस असतात. अर्धं उरलं म्हणजे वहिनींनी पाचावर दोनच आठवडे काढले आणि पुढे उडी मारली. तुमच्या इतक्याच आठवड्यांत त्या दहावर आहेत याचाही हिशेब तिथे लागतो. त्यांना आज त्रास नसेलही, पण ज्या रस्त्याने त्या गेल्या तो कुणाला दाखवण्यासारखा नाही. दुसरं, वापरलेलं पेन दुसऱ्याने कधीच वापरायचं नसतं. सुई नवी लावली तरीही नाही. टोचताना रक्ताचा अंश मागे औषधात जाऊ शकतो, आणि त्यातून कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही यांसारखे संसर्ग पसरू शकतात. घरातलं माणूस असलं तरी हाच नियम. तिसरं, हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन काही आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या वर नाही. रात्रभर गाडीच्या डिकीत आणि सकाळी दापोलीच्या स्टँडवर कुणी घ्यायला येईपर्यंत ऑफिसात पडलेलं पेन किती तापलं, हे बघून कळत नाही. बर्फाला टेकवून पाठवलं आणि गोठलं तरी ते फेकूनच द्यायचं.

तुमच्या स्वतःच्या पेनलाही हेच लागू आहे. फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. होमस्टेचा फ्रिज दिवसातून पन्नासदा उघडतो, म्हणून घरातला वेगळा फ्रिज असेल तर तो बरा. पावसाळ्यात लाइट तासन्‌तास जाते तेव्हा फ्रिजचं दार न उघडणं हाच उपाय.

वहिनींशी तुलना करून तुम्ही स्वतःला त्रास करून घेताय, म्हणून थोडे आकडे देते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सरमाउंट-१’ या मोठ्या चाचणीत शुगर नसलेली माणसं होती. ७२ आठवड्यांत ५ मिलिग्रॅमवर सरासरी १५ टक्के वजन उतरलं, १० वर १९.५ टक्के आणि १५ वर २०.९ टक्के. म्हणजे डोस तिप्पट झाला तरी घट तिप्पट झाली नाही, मोठा वाटा पाचानेच दिला. पुढच्या वर्षीच्या ‘सरमाउंट-२’ मध्ये टाइप २ मधुमेह असलेली माणसं होती. तिथे १० वर १२.८ टक्के आणि १५ वर १४.७ टक्के घट झाली. तेच औषध, तेच आठवडे, पण शुगर असली की वजन कमी उतरतं. तुमच्या आणि वहिनींच्या काट्यांची शर्यत लावणंच मुळात चुकीचं आहे. आता तुमचं बघा. ८८ मधले ४ किलो म्हणजे साडेचार टक्के, तेही दहा आठवड्यांत, आणि त्यातले पहिले चार आठवडे नुसत्या सवयीचे. ताई, हे चांगलं चाललंय. मनापासून सांगते.

दोन आठवडे काटा अडला याला मी फारसं महत्त्व देत नाही. बद्धकोष्ठ, पाळीचे दिवस, सुकट-खाऱ्या मासळीच्या मिठाने अंगात धरलेलं पाणी, यांतल्या कशानेही किलोभर इकडचं तिकडे होतं. आठवड्यातून एकदा, त्याच वाराला, सकाळी उठल्यावर वजन करा आणि महिन्याचा कल बघा. कमरेचा घेरही टेपने मोजा, काटा थांबलेला असताना तो कधी कधी उतरत असतो.

मग साडेसात कधी? थरथरीचा प्रश्न मिटलेला हवा, पोट शांत हवं, पाणी आणि जेवण नीट जात असावं, आणि एवढं असूनही वजन महिनाभर जागचं हललं नाही किंवा भूक पहिल्यासारखी परतली, तर डॉक्टर साडेसातचा विचार करतील. यांतलं काही नसेल तर पाचावरच राहण्यात कमीपणा नाही. कायम घ्यायचा डोस म्हणून ५, १० आणि १५ हे तिन्ही मान्य आहेत, शेवटच्या पायरीपर्यंत जायलाच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि वाढवायचं ठरलंच, तर माझं मत विचाराल तर मे महिन्यात नको. मे म्हणजे तुमच्याकडे पाहुण्यांची गर्दी, त्यात लग्नघर. डोस वाढवल्यानंतरचे पहिले दहा-बारा दिवस तुम्हाला जड जातात हे तुम्ही अनुभवलंय. ते दिवस हळदीच्या आणि वऱ्हाडाच्या दिवसांवर कशाला आणून ठेवता? जूनमध्ये पाऊस लागला की पर्यटक ओसरतात, डॉक्टरांना ती तारीख सुचवून बघा. लग्नापर्यंत सहा किलोचा हट्ट मात्र सोडा. त्या वेगाने उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. दिवसभर उभं राहून शंभर पोळ्या-भाकऱ्या करणाऱ्या बाईला स्नायू गमावणं परवडणारं नाही.

म्हणून जे थोडं खाताय त्यात आधी प्रथिनं येऊ द्या. तुमच्या दारातच हर्णैचं बंदर आहे. बांगडा, तारली ही स्वस्त मासळी सुरमईपेक्षा कुठेही कमी नाही. तळण्याऐवजी तिखलं करा किंवा कमी नारळाची आमटी. मसाला जिभेला सोसेल तेवढाच घाला. कुळथाची पिठी, अंडं, दही, डाळ हेही आहेच. मासळी आधी, भात मागून. पोट भरल्याची पहिली खूण मिळाली की पानावर काही उरलं तरी उठा. या औषधावर तो शेवटचा घासच उलटीला कारण होतो. मळमळीच्या दिवसांत मऊ भात, पेज, पातळ ताक चालेल. सोलकढी वाटीभरच, कारण तिच्यात नारळाचं दूध आहे. तहानेला मीठ घातलेलं बिनसाखरेचं कोकमाचं पाणी बरं, पण ब्लडप्रेशर असेल तर मीठ बेताने. तळणीचं काम त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाकडे द्या. आणि स्वतःचं जेवण पंगतीआधी उरकून घ्या. साडेअकराला वाटीभर भात आणि दोन तुकड्या खाऊन मग वाढायला लागा. पाहुण्यांना त्याचं काही वाटणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटलं, तर ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणा.

काही खुणा दिसल्या तर फोनवर न थांबता दवाखान्यात जा. पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून ते पाठीत जाणं, हे स्वादुपिंडाच्या सुजेचं लक्षण असू शकतं. उजव्या बरगडीखाली दुखणं आणि ताप किंवा डोळे पिवळे होणं, दिवसभर पाणीही पोटात न टिकणं, लघवी कमी होणं, नजर अचानक अंधुक होणं, यांपैकी काहीही. शुगर सहा वर्षांची आहे, तेव्हा डोळ्यांचा पडदा वर्षभरात तपासला नसेल तर डोस वाढवण्याआधी तपासून घ्या. साखर झपाट्याने उतरली की पडद्याचा जुना विकार बळावू शकतो. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल आणि ते डॉक्टरांना सांगितलं नसेल, तर तेही सांगा, कारण तशा घरात हे औषध देत नाहीत. पाळी चालू असून गर्भनिरोधक गोळ्यांवर असाल तर सुरुवातीला आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे त्या गोळ्यांवर विसंबू नका, सोबत दुसरं साधन वापरा.

इंजेक्शनचा दिवस चुकला तर चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, त्यापुढे गेलं तर तो सोडून पुढच्या ठरलेल्या वारी घ्या. भरपाई म्हणून दोन कधीच नाहीत. दोन-तीन आठवडे खंड पडला तर परत पाचावरूनच सुरू करायचं की खालून, हे डॉक्टरांना विचारा. वाचकांपैकी कुणी सेमाग्लुटाइड या आठवड्याच्या दुसऱ्या इंजेक्शनवर असेल तर त्यांच्या पायऱ्या वेगळ्या, वजनासाठी ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ मिलिग्रॅम, आणि वर पोचायला सोळा आठवडे. एका औषधाचे आकडे दुसऱ्याला लावू नयेत.

डॉक्टरांशी बोलायचा संकोच वाटतो असं लिहिलंत. फोनवर शब्द सुचत नसतील तर असा मेसेज पाठवा: ‘पाचाची सहा इंजेक्शनं झाली. वजन ८८ वरून ८४. मळमळ थांबली. पण दुपारी जेवणाआधी थरथर आणि घाम येतो, तेव्हाची शुगर इतकी. ग्लिमेपिराइड चालू आहे. ती कमी करायची का? पुढचा डोस जूनमध्ये वाढवायचा विचार करू का?’ शुगरचा आकडा अजून मोजलेला नसला तरी त्याची वाट न बघता आज संध्याकाळीच पाठवा, आकडा मागाहून कळवता येईल. उत्तर आलं नाही तर सकाळी गोळी हातात घेण्याआधी दवाखान्यात फोन लावा.